दोन विहिणी आणि एक गेट

४ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार. हात जोडलेत ते रीत म्हणून, मनातून नाही.

तुम्ही माझा नंबर बंद करून टाकलात. परवा फोनवर माझा आवाज चढला, कबूल. पण समोरची बाई बोलत असताना अर्ध्यात फोन आपटणारी बाई बंदराची वाहतूक अधिकारी असेल, तर तिथल्या गाड्या कशा सरकायच्या? म्हणून हे पत्र. आमचा ड्रायव्हर तुमच्या गेटवरच्या खिडकीत देईल. पत्र अर्ध्यात आपटता येत नाही. फाडलंत तर दुसरं लिहीन.

तुमचा नवा नियम वाचला. एक फेब्रुवारीपासून प्रत्येक ट्रकने बंदरात यायची वेळ आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर घ्यायची. वेळ घेतलेली नसेल तर गेट उघडणार नाही. यायला उशीर झाला तर वेळ गेली, वर दंड. वा! उंटावरून शेळ्या हाकाव्या तर तुम्हीच. कारखान्यात माल भरायला उशीर होतो, त्याचा दंड कुणाला? पुलावर गाडी अडकली, टायर बसला, त्याचा दंड कुणाला? ड्रायव्हरला आणि मालकाला. तुमच्या खुर्चीला काही होत नाही.

हे गेल्यावर चौदा गाड्या मी एकटीने चालत्या ठेवल्या आहेत. त्या जोरावर ट्रकमालकांच्या संघटनेने मला अध्यक्ष केलंय, तुमची विहीण म्हणून नाही. तेव्हा संघटनेतर्फे सांगते. एक, उशिराला सवलत हवी. दोन, गाडी बंद पडली तर त्याच वेळेवर दुसऱ्या नंबरची गाडी पाठवता आली पाहिजे. तीन, गाड्या थांबायला सावलीची जागा आणि संडास हवेत. नाहीतर एक तारखेला गेटसमोर गाड्या आडव्या लावीन.

तुमची लेक माझी सून आहे, तिला मी यातलं काही बोलत नाही. ती आमच्या ऑफिसात माझ्या मुलाशेजारच्या टेबलावर बसते, दोघं मान खाली घालून काम करतात. आपलं भांडण त्यांच्या ताटात वाढू नका.

तुमची विहीण

*

११ जानेवारी

विहीणबाई,

नमस्कार स्वीकारला. रीत म्हणूनच.

तुमचं पत्र गेटवरच्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने हाक मारून माझ्या हातात दिलं. ‘मॅडम, तुमच्या विहीणबाईंचं!’ तुम्हाला हेच हवं होतं, नाही का?

मला कामाचं बोलू द्या. माझ्या खिडकीतून तुमची रांग दिसते. गेटपासून वजनकाट्याच्या पलीकडे, वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत. माणसं चाकाशी स्टोव्ह पेटवतात, रस्त्याच्या कडेला अंघोळ करतात. मागच्या उन्हाळ्यात एक म्हातारा ड्रायव्हर सावली म्हणून स्वतःच्याच ट्रेलरखाली झोपला. रांग सरकली. क्लीनरला वाटलं, काका पुढे चहाला गेलेत. त्याने गाडी पुढे घेतली. काय झालं ते त्या ड्रायव्हरच्या बायकोला सांगायला संघटनेचं कुणी आलं नव्हतं. मी गेले होते.

आणि रांग का लागते? सगळे सकाळीच येतात म्हणून. कुणाला कुठला कंटेनर हवा ते आम्हाला गाडी दारात आल्यावर कळतं. तो नेमका चार कंटेनरच्या खाली असतो. कपाटातली तळाची घडी काढायला वरच्या सगळ्या उपसाव्या लागतात, तसं क्रेन दिवसभर उपसत बसते. कोण कधी येणार हे आदल्या दिवशी कळलं तर तो कंटेनर आम्ही वर आणून ठेवू. एवढी साधी गोष्ट आहे. तुम्हाला ती कळते, हे मला माहीत आहे. तुम्हाला फक्त माझ्याकडून कळून घ्यायची नाही.

तुमची दुसरी मागणी मान्य केली आहे. गाडी बिघडली तर घेतलेल्या वेळेवर नंबर बदलता येईल. बाकीचं नंतर बघू. गाड्या आडव्या लावायच्या तर खुशाल लावा, क्रेन तयार आहे.

माझ्या मुलीची काळजी मी करते. लग्नात तुम्ही जेवणाच्या पहिल्या पंगतीत जागा नाही म्हणून उठून गेला होतात, तेव्हापासून तिची जरा जास्तच करते.

तुमची विहीण

*

१९ फेब्रुवारी

विहीणबाई,

गाड्या आडव्या लावल्या नाहीत, ते तुमच्या क्रेनला घाबरून नव्हे. संघटनेतली निम्मी माणसं म्हणाली, बघू तर खरं. बघितलं.

रांग कमी झाली. खोटं कशाला बोलू? वळणापर्यंतसुद्धा जात नाही आता. पण ती कुणाची कमी झाली ते ऐका.

आमच्यात एक आहे, त्याला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी चौकात ऐकू जातं. एकच गाडी, तोच मालक, तोच ड्रायव्हर. सकाळी पुढच्या दिवसाच्या वेळा खुल्या होतात आणि चहा गार व्हायच्या आत संपतात. मोठ्या कंपन्यांत माणसं बोटं टेकवून बसलेली असतात. भोंगा त्या वेळी स्टिअरिंगवर असतो. त्याला वेळ मिळेना. मग त्याला कुणी सांगितलं, अमक्या नंबरवर फोन कर, विकत मिळते.

हो, विकत! तुमच्या बंदरात यायची वेळ बाजारात विकायला आहे. भोंग्याने दोनदा घेतली. तिसऱ्यांदा भाव परवडेना, म्हणून थांबला. गाडीत फळं होती. कंटेनरच्या थंडीला डिझेल लागतं, ते संपलं. दार उघडलं तेव्हा वास गेटपर्यंत आला म्हणतात. व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, भोंग्याने गाडी विकली. तो मोठ्या आवाजाचा माणूस माझ्या ऑफिसात येऊन एवढ्या हळू बोलला, की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

कुंपणच शेत खातंय. तुमच्या ऑफिसातला कुणीतरी खातोय आणि तुम्ही कपाटातल्या घड्या मोजताय.

तुमची विहीण

*

२५ फेब्रुवारी

विहीणबाई,

माझ्या ऑफिसातली नऊ माणसं मी निवडली आहेत. त्यांच्यावर बोट दाखवायचं तर पुरावा घेऊन या. ‘म्हणतात’, ‘कुणी सांगितलं’ यावर मी चौकशी लावत नाही. पूर्वी रांगेत पुढे घुसण्यासाठी गेटवरच्या माणसांच्या मुठी कोण गरम करत होतं, ते तुम्ही विसरला असाल, मी विसरले नाही. ती कमाई बंद झाली, म्हणून आता ओरड. नाचता येईना अंगण वाकडं.

त्या ड्रायव्हरचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्याचं दुःख तुम्ही माझ्यावर फेकायला दगड म्हणून वापरलंत, त्याचंही वाटलं.

फोनचा नंबर तुमच्याकडे आहे ना? मग लावा की. संघटनेच्या अध्यक्ष आहात. एवढं तर जमेल?

तुमची विहीण

*

२ मार्च

विहीणबाई,

लावला.

तुमच्या ऑफिसातलं कुणी नाही. मी बोलले ते मागे घेते.

कोण आहे ते मला कळलं आहे, पण नाव लिहिणार नाही. एक काम करा. नंबर बदलायची सोय ताबडतोब बंद करा. मीच भांडून मागितली होती, मीच म्हणते, बंद करा. कारण विचारू नका.

विहीण

*

६ मार्च

विहीणबाई,

तुम्ही माघार घेतलीत! मी पत्र दोनदा वाचलं. शेवटी एकच अर्थ लागला. ज्याला तुम्ही फोन केलात त्याच्याशी तुमचा सौदा पटला. आणि आता मी नियम बदलावा, कारण विचारू नये!

मी कारण विचारलं नाही. स्वतः शोधलं. तीन दिवस बसून पाहिलं, की कुठल्या वेळांवर नेहमी शेवटच्या क्षणी नंबर बदलतो. एकाच फर्मच्या. त्या फर्मच्या चार गाड्या रोज वेळ घेतात आणि रोज ‘बिघडतात’, आणि त्यांच्या वेळेवर दर वेळी परक्याच कुणाची गाडी आत येते. म्हणून काल मी तुमच्या यार्डाच्या मागच्या रस्त्याने चालत गेले. कुंपणातून दिसल्या. चारही गाड्या विटांवर उभ्या आहेत, एकीलाही चाकं नाहीत, एकीच्या बॉनेटवर कुत्री झोपली होती. त्या गाड्या रोज बंदरात यायची वेळ घेतात!

तुमची फर्म, विहीणबाई. तुमचे चिरंजीव. आणि तुम्ही माझ्या माणसांना चोर म्हणत होतात. चोराच्या उलट्या बोंबा याहून वेगळ्या काय असतात?

सोमवारी मी रिपोर्ट देणार आहे. मुलाला तुम्हीच सांगा. आणि माझ्या मुलीला आजच्या आज माझ्याकडे पाठवा. असल्या घरात ती एक दिवस राहणार नाही.

*

७ मार्च

विहीणबाई,

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आता बसून वाचा.

मी शेजारणीच्या फोनवरून तो नंबर लावला. एक गाडीवाली बाई आहे, उद्याची वेळ हवी, असं आवाज बदलून म्हणाले. पलीकडून उत्तर आलं, ‘बोला मावशी, किती टनांची गाडी? सकाळची हवी की दुपारची?’

मला तो आवाज ओळखायला दुसरं वाक्य लागलं नाही. रोज सकाळी तोच आवाज मला विचारतो, ‘आई, चहा ठेवू?’

तुमची लेक होती, विहीणबाई. ती मागच्या खोलीत बोलत होती आणि मी पुढच्या ओट्यावर. तिचं बोलणं मला एका कानाने फोनमधून येत होतं आणि दुसऱ्या कानाने भिंतीतून. मी फोन ठेवला आणि तुम्हाला ते दोन ओळींचं पत्र लिहिलं. नाव लिहिलं नाही, कारण तुम्ही आई आहात. मी कुणाशी सौदा केला नव्हता.

मला वाटत होतं, तिने केलं आणि माझा मुलगा भोळा आहे. तुम्हाला वाटलं, त्याने केलं आणि तुमची मुलगी गरीब आहे. काल तुमचं पत्र आलं तेव्हा दोघांना समोर बसवलं. तीच बोलली. लपवलं नाही काही. वेळा ती घ्यायची, गिऱ्हाईक तो आणायचा.

मी विचारलं, ‘काय कमी होतं तुम्हाला?’

ती म्हणाली, ‘आई, आम्हाला इथून जायचं होतं. तुमच्यापासून नाही. माझ्या आईपासूनही नाही. तुम्हा दोघींच्या मधून. तुम्ही तिला शिव्या देता त्या मी ऐकते. ती तुम्हाला देते त्याही मीच ऐकते. लांब कुठेतरी दोन खोल्या घेतल्या असत्या.’

मी म्हटलं, ‘आणि भोंगा?’

‘कोण भोंगा?’ तिने विचारलं. भोंग्याला ती नावाने ओळखत नव्हती. तिच्यासाठी तो एक गाडीचा नंबर होता.

तिला तुमच्याकडे पाठवू म्हणता? विचारलं तिला. येत नाही म्हणाली.

शनिवारी संघटनेची सभा आहे.

*

१० मार्च

विहीणबाई,

हे मी घरून लिहिते आहे, ऑफिसातून नाही.

रिपोर्ट दिला नाही. सोमवारी टेबलावर होता, मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. तुम्ही हसाल. हसा.

नंबर बदलायची सोय आज सकाळी बंद केली. यापुढे वेळ कंटेनरच्या नावावर मिळेल, ती विकता येणार नाही. म्हणजे धंदा संपला. त्या ड्रायव्हरचं नुकसान आपण दोघी मिळून भरून देऊ, कसं ते तुम्ही सांगाल तसं. मग उरतं काय? दोन मुलांची नावं. ती बाहेर आली तर तुमचा मुलगा आयुष्यभर चोर आणि माझी मुलगी आयुष्यभर चोराची बायको. नाही, तीही चोरच. हा शब्द तिच्यासाठी लिहिताना हात चालत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. सभेत बोलू नका. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही. आता मागते आहे.

हे उपकार असतील, हे मी विसरणार नाही, आणि तुम्ही मला विसरू देणार नाही हेही मला ठाऊक आहे. चालेल.

*

१६ मार्च

तुम्ही बोललात.

तीनशे माणसांसमोर माझ्या मुलीचं नाव घेतलंत. संध्याकाळपर्यंत माझ्या शिपायाला माहीत होतं. मी केबिनमधून बाहेर आले तर सगळे एकदम कागद चाळायला लागले.

तुम्हाला मोठं व्हायचं होतं. झालात. टाळ्या पडल्या का? तुमच्या मुलाचं एकट्याचं नाव घेतलं असतं तरी सभेचं काम भागलं असतं. पण नाही, माझ्या लेकीलाही बाजारात उभं केल्याशिवाय तुमचा जीव शांत होणार नव्हता. पंगतीतून उठल्याचा सूड तुम्ही इतकी वर्षं सांभाळून ठेवलात, आणि उगवलात तो तिच्यावर.

यापुढे मला पत्र पाठवू नका.

*

४ एप्रिल

विहीणबाई,

पाठवू नका म्हणालात, तरी पाठवते. काही गोष्टी तुमच्या कानावर वाकड्या गेल्या असतील, त्या सरळ करायच्या आहेत.

टाळ्या पडल्या नाहीत. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘वेळा विकत होतं ते माझं घर. माझा मुलगा आणि माझी सून.’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘आणि तुम्ही?’ मी म्हटलं, ‘मला माहीत नव्हतं. मालकीण असून माहीत नव्हतं, हा माझा गुन्हा.’ अध्यक्षपद तिथेच टेबलावर ठेवलं. कुणी थांबवलं नाही.

मुलाचं एकट्याचं नाव का घेतलं नाही म्हणता? घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, बाई केवढी सरळ. आणि ते अर्धं खोटं पाठीवर घेऊन तुमची लेक माझ्या घरात रोज चहा ठेवत राहिली असती. मला ते जमलं नसतं. तिलाही नाही. सूड म्हणता? सूड घ्यायचा असता तर तुमचं दहा तारखेचं पत्र मी खिशातून काढलं असतं. ते मी चुलीत घातलं.

भोंग्याला मी माझी एक गाडी देऊ केली. मदत नाही, भरपाई. तो म्हणाला, ‘तुमच्या हातून नको, वहिनी. संघटनेच्या हातून द्या. तुमच्या हातून घेतली तर मला तुम्हाला माफ करावं लागेल, आणि ते मला करायचं नाही.’ या वेळी मोठ्याने म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. तशीच दिली.

मुलं गेली. एक पेटी आणि गादी, एवढंच नेलं. कुठे ते मला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल तर एवढं कळवा, की बरी आहेत.

आता खरं विचारायचं ते. चौकशीवाल्यांनी मला बोलावलं होतं. तुमच्या विहिणीला आधी माहीत होतं का, असं विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. नाही म्हणणार होते. चक्क खोटं, तुमच्यासाठी! पण त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, तुमच्या विहीणबाईंनी स्वतःच सगळं लिहून दिलंय, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवल्याचं आणि तुम्हाला गप्प राहायला सांगितल्याचं. म्हणून तुमची खुर्ची गेली. का केलंत हे? माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि मी बोलले नसते.

*

१२ एप्रिल

विहीणबाई,

मुलांचा पत्ता मला माहीत नाही. माहीत असता तर कळवलाच असता असं नाही.

मी का लिहून दिलं, ते सांगते. चांगुलपणाने नाही. तुम्ही तीनशे माणसांसमोर स्वतःच्या घराचं नाव घेतलंत आणि मी एक कागद ड्रॉवरमध्ये दडवला, हे मला झोपू देईना. आयुष्यभर मी नियमाची बाई आणि तुम्ही आरडाओरड्याची. असं असताना तुम्ही माझ्याहून एक पायरी वर उभ्या राहणार, आणि वर माझ्याबद्दल गप्प राहून मला तुमच्या उपकारात ठेवणार? ते मी होऊ दिलं नसतं. म्हणून लिहून दिलं. रागाने लिहिलेलं खरं हे खरंच असतं.

आता मी बंदराच्या मागच्या इमारतीत बसते. जुनी टेंडरं लावून ठेवायचं काम आहे. तिथून गेट दिसत नाही. नव्या माणसाने तुमची उशिराच्या सवलतीची मागणी मान्य केली. थांबायच्या जागेवर पत्रे चढताहेत, संडास बांधून झाले. एकगाडीवाल्यांसाठी रोजच्या काही वेळा राखून ठेवल्या आहेत, त्या मोठ्या फर्मना दिसतच नाहीत. योजना माझी, सुधारणा तुमची, आणि नाव तिसऱ्याचं. आपल्या दोघींना हेच शोभतं.

काल जाता जाता मुद्दाम गेटवरून गेले. रस्ता रिकामा होता. एक गाडी आली, थांबली, आत गेली. कुणाला सांगावं असं वाटलं. सांगण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून तुम्हाला लिहिलं. याचा वेगळा अर्थ काढू नका.

*

९ जुलै

विहीणबाई,

चौकशीनंतर बंदराने तुमच्या फर्मवर घातलेली बंदी उठायला अजून दोन महिने आहेत आणि गाड्या तुम्ही दुसऱ्यांकडे लावल्यात, हे बाहेरून कळलं. मी त्याबद्दल लिहीत नाही.

काल मुलीचा फोन आला. चार महिन्यांनी. लांबच्या एका गावात आहेत. जावई दुसऱ्याचा ट्रक चालवतात, ती एका गोदामात हिशेब लिहिते. खोली एकच आहे, पण खिडकी मोठी आहे म्हणाली. ती रडली नाही, म्हणून मीही रडले नाही.

मग तिने विचारलं, ‘आई कशा आहेत?’

मी सांगू लागले, की बरी आहे, गुडघा दुखतो, नव्या जागी ऊन येत नाही. बोलता बोलता थांबले. मला ती जन्मापासून ‘तू’ म्हणते. माझी चौकशी करायची असती तर ‘आई, तू कशी आहेस’ म्हणाली असती. ‘कशा आहेत’ म्हणजे तुम्ही. चार महिन्यांनी फोन केला, माझ्याकडे केला, आणि आधी तुमची चौकशी!

तेव्हा मला काय वाटलं, ते या कागदावर मावणार नाही आणि मावलं तरी लिहिणार नाही. मी तिला म्हटलं, ‘मला माहीत नाही. विचारून सांगते.’ ती रविवारी पुन्हा फोन करणार आहे.

तेव्हा तुम्ही कशा आहात, ते रविवारच्या आत लिहून कळवा. तब्येत, खाणं, झोप, सगळं नीट लिहा. तुम्ही लिहाल ते मी शब्दाला शब्द वाचून दाखवीन. माझ्या मनाने मी एक अक्षर सांगणार नाही. कारण तुमच्याबद्दल माझ्या मनात जे आहे, ते मुलीला सांगण्यासारखं नाही.

तुमची विहीण